उन्हाळी लागली, काय घेऊ? मूत्राशयाची घरगुती औषधं आणि त्यांचे पुरावे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात कूलरला वाळ्याच्या ताट्या बसल्या की आमच्या मेडिकलच्या काउंटरवर लघवीच्या जळजळीची तक्रार हमखास वाढते. दुकानात दुसरं गिऱ्हाईक असलं तर बायका आधी बाम नाहीतर डोकेदुखीची गोळी मागतात. तो माणूस गेला की मग हळूच खरं सांगतात. त्या वेळी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी औषधविक्रेता आहे, डॉक्टर किंवा वैद्य नाही. त्यामुळे कोणत्या उपायामागे किती पुरावा आहे एवढंच इथे सांगतो. तुमच्या आजाराचं निदान हे पान वाचून करू नका.

उन्हाळी लागणं आणि लघवीचा संसर्ग, एकच ना?

नाही. २३ मे २०१३ ला नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि ४४-४५ अंश तर आपल्याला दरवर्षीचेच. अशा उन्हात शरीरातलं पाणी घामावाटे जातं, लघवी थोडी, गडद आणि तीव्र होते, आणि होताना चुरचुरते. नीट पाणी प्यायलं की लघवीचा रंग फिका होतो आणि चुरचुर संध्याकाळपर्यंत किंवा दुसऱ्या दिवशी थांबते.

संसर्गात जंतू असतात, बहुतेक वेळा आतड्यातला ई. कोलाय. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटीमीटर लांब असल्याने हा जंतू मूत्राशयात सहज पोचतो. मग सारखी लघवीला लागते, गेलं की दोन थेंब होतात, ओटीपोट दुखतं, लघवी गढूळ होते. ओळखायची साधी खूण अशी: भरपूर पाणी पिऊन लघवी अगदी फिकी झाली तरी जळजळ कायम असेल, तर तो नुसता उन्हाचा त्रास नाही.

आणि हे दोन्ही एकमेकांना धरून येतात. लघवी कमी झाली की जंतू धुऊन निघत नाहीत. सीताबर्डीला दिवसभर खरेदीला गेलेली बाई स्वच्छतागृह धड नाही म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाही. शाळेतल्या मुलीही तेच करतात. यात दोष बायकांचा नाही, सोय नसण्याचा आहे. पण भोगावं त्यांनाच लागतं, आणि मला याचं फार वाईट वाटतं.

मी दरवेळी धन्याचं पाणी घेते आणि दोन-तीन दिवसांत बरी होते. म्हणजे ते लागू पडतं ना?

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

२०१५ साली जर्मनीतल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. साध्या मूत्राशयाच्या संसर्गाच्या ४९४ बायकांचे दोन गट केले होते. एका गटाला अँटिबायोटिक दिलं, दुसऱ्याला फक्त वेदनाशामक आयबुप्रोफेन. दुसऱ्या गटातल्या जवळजवळ दोन-तृतीयांश बायका अँटिबायोटिक न घेताच बऱ्या झाल्या. म्हणजे निरोगी, गरोदर नसलेल्या बाईचा साधा संसर्ग पुष्कळदा शरीरच निस्तरतं. त्या दिवसांत तुम्ही धन्याचं पाणी प्यायलं असेल तर श्रेय धन्याला, शेजारणीने काढा दिला असेल तर काढ्याला.

याच अभ्यासाची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. वेदनाशामकाच्या गटात त्रास जास्त दिवस राहिला, आणि संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढल्याच्या ५ घटना घडल्या. अँटिबायोटिकच्या गटात अशी १ घटना होती. आकडे लहान आहेत, पण मूत्रपिंडाचा संसर्ग म्हणजे हुडहुडी भरून ताप, उलट्या आणि सलाइन.

म्हणून कोणत्याही औषधाबद्दल ‘घेतलं आणि बरं वाटलं’ एवढं पुरत नाही. न घेणाऱ्यांपेक्षा घेणारे जास्त बरे झाले का, हे पाहावं लागतं. पुढच्या प्रत्येक उत्तरात मी तेच शोधलं आहे. प्रयोगशाळेतल्या बशीत जंतू मेले किंवा उंदरांना लघवी जास्त झाली, याला माणसावरचा पुरावा म्हणत नाहीत.

मग धने-जिरे, सब्जा, जवाचं पाणी, वाळा हे सगळं सोडून द्यायचं?

अजिबात नाही. यांच्यातलं सगळ्यात सिद्ध औषध म्हणजे त्यातलं पाणी. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पाणी पिणाऱ्या १४० बायका होत्या. निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी वाढवायला सांगितलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. इतका स्वस्त आणि इतका चांगला परिणाम देणारी दुसरी वस्तू माझ्या दुकानात नाही.

साधं पाणी घशाखाली उतरत नाही म्हणून कुणी माठात वाळ्याची जुडी टाकत असेल, रात्री धने भिजवून सकाळी गाळून पीत असेल, जव उकळून त्याचं पाणी लिंबू पिळून घेत असेल, तर जरूर घ्यावं. धन्याने किंवा वाळ्याने जंतू मरतात असा माणसांवरचा भरवशाचा अभ्यास नाही, पण तुम्ही दोन तांबे जास्त प्यालात, ते कामी आलंच. फक्त खडीसाखर बेताने घाला. मधुमेह असेल तर घालूच नका. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असल्यामुळे डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल, तर हा सल्ला तुम्हाला लागू नाही.

गोखरूचं चूर्ण घेऊ का?

गोखरू म्हणजे आपल्या पडीक जमिनीतले सराटे, चपलेच्या तळव्यात रुतून बसतात तेच. इतवारीत काष्ठौषधांच्या दुकानात पोत्यात भरलेले दिसतात. चरकसंहितेत लघवी साफ करणाऱ्या दहा वनस्पतींचा जो गण आहे, त्यात हे ‘श्वदंष्ट्रा’ या नावाने आहेत. म्हणजे परंपरा जुनी आणि खरी आहे.

पुरावा मात्र तुटपुंजा. प्राण्यांमध्ये लघवीचं प्रमाण वाढल्याचे अभ्यास आहेत. संसर्ग बरा होतो असं दाखवणारी मोठी, नीट केलेली चाचणी नाही. आणि ‘वनस्पतीच आहे, जास्त घेतली तर काय बिघडतं’ असं समजू नका. इराणमधल्या एका तरुणाने मूतखडा होऊ नये म्हणून गोखरूचं पाणी लिटरभरापेक्षाही जास्त प्रमाणात दोन दिवस प्यायलं. त्याला झटके आले, यकृत आणि मूत्रपिंड दोन्ही बिघडले. ही नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. वैद्यांनी मात्रा ठरवून दिली असेल तर ती वेगळी गोष्ट. पोत्यातून मूठभर आणून स्वतःच काढा करत बसू नका.

पुनर्नवा?

सुजेवर आणि लघवी सुटायला परंपरेने देतात. माणसांवरचा पुरावा कमकुवत आहे. तिच्यात पोटॅशियम बरंच असतं, त्यामुळे मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आणि पोटॅशियम वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या (टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन) घेणाऱ्यांनी स्वतःच्या मनाने घेऊ नये.

वरुण, म्हणजे वायवर्णा, याची फार जाहिरात दिसते.

मूत्रविकारांसाठी आयुर्वेदाने सगळ्यात वर ठेवलेल्या झाडांपैकी हे एक. वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठात १९८० च्या दशकात यावर रुग्णांमध्ये काम झालं आणि निष्कर्ष आशादायक होते, पण त्या काळच्या अभ्यासांची रचना आजच्या कसोटीला पुरी पडत नाही. २०१८ साली ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत सारखी लघवी लागणाऱ्या १५० जणांना वरुण आणि आणखी दोन वनस्पतींचं मिश्रण किंवा तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी आठ आठवडे दिली. मिश्रण घेणाऱ्यांच्या फेऱ्या कमी झाल्या.

हा पुरावा मी गांभीर्याने घेतो. पण तो तीन वनस्पतींच्या ठरावीक मिश्रणाचा आहे, एकट्या वरुणाचा नाही. शिवाय तो सारखी लघवी लागण्याच्या त्रासाबद्दल आहे, जंतुसंसर्गाबद्दल नाही. जाहिरातीत हे दोन्ही एकाच ओळीत येतं, ते वेगळं वाचा.

लघवी अडली तर आजी ओटीपोटावर पळसाची फुलं बांधायची. करावं का?

विदर्भात हा उपाय घरोघरी माहीत आहे. पळसाची फुलं पाण्यात मऊ होईतो उकळायची, पाणी निथळून फडक्यात पुरचुंडी बांधायची, आणि सोसेल इतकी कोमट असताना बेंबीखाली ठेवायची. पाणी केशरी होतं, फडक्याला रंग लागतो. कोमट शेकाने ओटीपोटाचे स्नायू सैल पडतात, बरं वाटतं, आणि शेक साध्या गरम पाण्याच्या पिशवीने दिला तरी तेच होतं. फुलांचा वेगळा गुण आहे का, हे माणसांवर तपासलेलं नाही.

नुसती ठणक असेल तर बांधा. पण लघवी पूर्णच तुंबली असेल, पोट टणक झालं असेल, माणूस तळमळत असेल, तर फुलं उकळत बसू नका. ताबडतोब दवाखान्यात न्या. तिथे नळी घालून लघवी मोकळी करतात आणि पाच मिनिटांत माणूस शांत होतो. उशीर झाला तर मूत्रपिंडावर ताण येतो.

मूतखड्यासाठी पानफुटी आणि पाषाणभेद खरंच चालतात का?

पानफुटीचं एक पान कुंडीत टाकलं तरी कडेने रोपं फुटतात, म्हणून नागपुरात गल्लोगल्ली सापडते. खडा पडला म्हणून सांगणारे बरेच भेटतील. पण ५ मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुतेक वेळा आपोआपच पडतात, त्यामुळे पानाचं श्रेय ठरवणं अवघड आहे. या पानात हृदयावर परिणाम करणारी द्रव्यंही असतात, म्हणून हृदयाची औषधं चालू असणाऱ्यांनी दूर राहावं.

गंमत अशी की या पानफुटीची मूत्राशयासाठीची तपासणी स्वित्झर्लंडमध्ये, झुरिकला झाली. सारखी लघवी लागणाऱ्या २० प्रौढ स्त्रियांना पानाच्या रसाच्या कॅप्सूल किंवा निष्क्रिय कॅप्सूल आठ आठवडे दिल्या. रस घेणाऱ्यांच्या दिवसाच्या फेऱ्या सरासरी ९.५ वरून ७.८ वर आल्या, दुसऱ्या गटात ९.३ वरून ९.१ वर. २० जणींवरून छातीठोक काही म्हणता येत नाही, फरक काठावरचाच होता. पण आपल्या अंगणातल्या पानावर मोठी चाचणी आपल्याच शहरात व्हायला हवी असं मला मनापासून वाटतं. सक्करदऱ्याला शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) आहे, मिहानला एम्स आहे. रुग्णांची तर कमतरता नाहीच.

पाषाणभेद असलेल्या एका सुप्रसिद्ध भारतीय गोळीची तपासणी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये झाली (नागपुरातलं आपलं मेयो हे सरकारी रुग्णालय नव्हे). २०११ च्या त्या छोट्या अभ्यासात लघवीतल्या घटकांमध्ये फरक पडला नाही, आणि वर्षभरात खड्यांचं प्रमाण कमी होण्याऐवजी वाढलं. रुग्ण मोजकेच होते, तरी मूतखडा विरघळवण्याची खात्री देणाऱ्या जाहिरातीवर विश्वास ठेवण्याआधी हे माहीत असावं.

सुश्रुतानेही मूत्राशयातल्या खड्यासाठी शेवटचा उपाय म्हणून शस्त्रक्रियाच सांगितली होती. मोठ्या खड्यासाठी सर्जनकडे गेलं म्हणजे आयुर्वेद सोडला असं होत नाही.

संत्र्याचा काही उपयोग?

होय, आणि हे सांगायला मला फार आवडतं. लघवीतलं सायट्रेट खडा बनू देत नाही. २००६ च्या एका छोट्या पण काटेकोर अभ्यासात संत्र्याच्या रसाने लघवीतलं सायट्रेट वाढलं, लिंबाच्या सरबताने तेवढं वाढलं नाही. दोन्हीत सायट्रेट आहेच, पण संत्र्यात ते पोटॅशियमबरोबर येतं, लिंबात आम्लाच्या रूपात. आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या आसपास बाजारात येतात तेव्हा रोज दोन खा. रसापेक्षा फळ बरं, साखर आवरते. ज्यांना संसर्ग नसतानाही मूत्राशयात जळजळ राहते, त्यांना मात्र आंबट फळांनी त्रास वाढू शकतो. त्यांनी स्वतःचं पाहून ठरवावं. मूत्रपिंडाच्या रुग्णांना पोटॅशियमचा इशारा इथेही लागू.

क्रॅनबेरीच्या गोळ्या महाग आहेत. करवंद खाल्ली तर चालेल का?

क्रॅनबेरीमागे या सगळ्या यादीतला सगळ्यात भक्कम पुरावा आहे. कॉक्रेन ही जगभरचे वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणारी संस्था. तिच्या २०२३ च्या आढाव्यात ५० अभ्यास आणि सुमारे ८,९०० माणसं होती. वारंवार संसर्ग होणाऱ्या बायकांमध्ये धोका साधारण पाव हिश्श्याने कमी झाला, मुलांमध्ये निम्म्याहून अधिक. गरोदर स्त्रिया, वृद्धाश्रमातले ज्येष्ठ आणि मूत्राशय पूर्ण रिकामं न होणारे रुग्ण यांना फायदा दिसला नाही. आणि हे सगळं संसर्ग होऊ नये यासाठी आहे. झालेला संसर्ग क्रॅनबेरीने बरा होत नाही. वॉर्फरिन हे रक्त पातळ करणारं औषध घेणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

करवंद वेगळ्या कुळातलं फळ आहे. क्रॅनबेरीतल्या ज्या द्रव्यामुळे जंतू मूत्राशयाच्या भिंतीला चिकटत नाहीत असं मानतात, ते करवंदात तसंच काम करतं असा पुरावा नाही. ‘ड्राय क्रॅनबेरी’ म्हणून विकलं जाणारं लाल, गोड फळ कित्येकदा रंगवलेलं करवंदच असतं. पाकिटावरचे घटक वाचा.

हल्ली डी-मॅनोज या एका प्रकारच्या साखरेची पावडरही विचारतात. २०२४ साली ब्रिटनमध्ये ५९८ बायकांवर झालेल्या चाचणीत ती रोज घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या गटांत फरक दिसला नाही. मी ती पावडर स्वतःहून कुणाला सुचवत नाही.

ते गोड-आंबट अल्कलायझर सिरप?

लघवीतलं आम्ल कमी करणारं हे सिरप सगळ्यात जास्त खपणाऱ्यांपैकी आहे. जळजळ तात्पुरती कमी वाटते. पण साध्या संसर्गात त्याचा उपयोग होतो का, हे पाहायला २०१६ साली कॉक्रेनच्या अभ्यासकांनी शोध घेतला तेव्हा निकषात बसणारी एकही चाचणी सापडली नाही. त्यात सोडियम असतं, रक्तदाब आणि हृदयाच्या रुग्णांनी जपून.

बाबांना साठीनंतर रात्री चारदा उठावं लागतं. कोणतं चूर्ण द्यावं?

आधी तपासणी. पुरुषांमध्ये या वयात बहुधा प्रोस्टेटची वाढ असते, कधी मधुमेह असतो. ‘सॉ पाल्मेटो’ हे परदेशी वनस्पतीचं औषध पुष्कळ विकलं जातं. २०११ साली ३६९ पुरुषांवर तिप्पट मात्रेपर्यंत देऊनही ते निष्क्रिय गोळीपेक्षा वरचढ ठरलं नाही. गोखरू आणि कढीपत्ता यांच्या मिश्रणाची तुलना टॅम्सुलोसिन या नेहमीच्या गोळीशी करणारी एक छोटी भारतीय चाचणी आहे, निकाल उत्साह देणारे आहेत, पण एकाच चाचणीवर बाबांचा उपचार बेतू नका.

आयुर्वेदिक म्हटल्यावर अपाय तर होणार नाही ना?

होऊ शकतो. ईश्वरी, म्हणजे सापसण, आणि तिच्या जातीतल्या वेलींमध्ये ॲरिस्टोलोकिक आम्ल असतं. त्याने मूत्रपिंड निकामी होतं आणि मूत्रमार्गाचा कर्करोग होतो, हे निर्विवाद सिद्ध आहे. बेल्जियममध्ये १९९० च्या दशकात वजन कमी करण्याच्या औषधात अशी वनस्पती चुकून गेल्याने कितीतरी बायकांची मूत्रपिंडं गेली. लघवीच्या तक्रारीवर कुणी वेलीचं मूळ हातात दिलं तर घेऊ नका.

दुसरा धोका जड धातूंचा. अमेरिकेतल्या बॉस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं (२००४). म्हणून कागदाच्या पुडीतलं, बिननावाचं औषध नको. डबीवर उत्पादन परवाना क्रमांक, बॅच, तारीख आणि घटक पाहा, आणि चंद्रप्रभा किंवा गोक्षुरादी गुग्गुळ घ्यायचाच असेल तर नोंदणीकृत वैद्यांकडून मात्रा ठरवून घ्या.

वर्षातून चार-पाचदा होतं. कायमचं काही आहे का?

पाणी आणि क्रॅनबेरी वर आलंच. पाळी गेलेल्या स्त्रियांना योनीमार्गात लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमने संसर्ग कमी होतात, याला चांगला पुरावा आहे आणि आपल्याकडे ते फार कमी वापरलं जातं. काकूंना संकोच वाटतो, पण स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा. मेथेनामाइन हे जुनं औषधही २०२२ च्या ब्रिटिश चाचणीत रोजच्या अँटिबायोटिकच्या तोडीचं ठरलं. रक्तातली साखर एकदा तपासा. मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर लघवीतून साखर जाते आणि जागेवर बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, त्याची जळजळही अशीच वाटते. गोळी स्वतः बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

आणि मागच्या वेळच्या उरलेल्या चार अँटिबायोटिक गोळ्या मागायला येऊ नका. अर्धवट डोसांनी जंतू निगरगट्ट होतात. भारतातल्या ई. कोलायवर कित्येक नेहमीची औषधं आता चालत नाहीत.

घरगुती उपाय कधी लगेच थांबवावेत?

ताप, थंडी, पाठीत किंवा कुशीत दुखणं, उलट्या. गरोदरपण, मग त्रास कितीही किरकोळ असो. लहान मूल. पुरुष. मधुमेही किंवा एकच मूत्रपिंड असलेले. दोन दिवसांत उतार नाही. आणि लघवीत रक्त: दुखत नसताना एकदाच दिसलं आणि आपोआप थांबलं, तरी ‘उष्णतेने झालं’ म्हणून सोडू नका. मूत्राशयाचा कर्करोग कित्येकदा असाच सुरू होतो, आणि त्याचं सगळ्यात मोठं कारण बिडी-सिगारेट आहे. यातलं काहीही असेल तर डॉक्टरांना दाखवा. मेडिकल, मेयो, एम्स इथे जाता येईल, गरोदर बाईला डागा रुग्णालयात नेता येईल.

लघवी तपासणीला कशी द्यायची?

कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, चुकीचं येण्याचं मोठं कारण म्हणजे नमुना नीट न घेणं. लॅबमधून निर्जंतुक डबी आणा, घरची धुतलेली बाटली चालत नाही. हात धुवा, जागा साध्या पाण्याने समोरून मागे धुवा. पहिली धार सोडून द्या, मधली डबीत घ्या, शेवटचीही सोडा. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका. अँटिबायोटिक सुरू करायच्या आधीच नमुना द्या, काढा चालू असेल तर तेही लॅबला आणि डॉक्टरांना सांगा. डबी दोन तासांत पोचवा. उन्हाळ्यात स्कूटरच्या डिकीत ठेवून गावभर फिरलात तर वाटेतच जंतू वाढतात आणि रिपोर्ट भलताच येतो. उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये ठेवा. रुटीनचा रिपोर्ट त्याच दिवशी मिळतो, कल्चरला साधारण दोन-तीन दिवस लागतात, आणि तोवर कोणतं औषध घ्यायचं हे डॉक्टर सांगतात.